जाहिरातीचं बुजगावणं

द्रौपदीनं शेवटची हाक मारली तेव्हा सेवकरामांच्या डोळ्यांना धार लागली होती. पहाटेचे साडेपाच झाले होते. आसगावच्या विठ्ठल मंदिरात काकड आरती आटोपून भजन मंडळाचे आठ-दहा लोक घोंगड्या लपेटून बसले होते. सेवकरामांनी आपला मोबाईल नेहमीप्रमाणे माईकपुढे धरला होता, आणि बपेऱ्याच्या प्रविण महाराजांचं कीर्तन भोंग्यातून गावभर चाललं होतं.

महाराज गहिवरून सांगत होते, "माय म्हणे, धाव रे कृष्णा! देव जेवायला बसलेले. हातातला घास तसाच. रुक्मिणी विचारते, कुठं निघालात? देव बोलत नाहीत. देव धावले! आणि भर सभेत येऊन देवानं काय केलं?"

"साड्याच साड्या!" भोंगा ओरडला. "भव्य महासेल! एकावर दोन फ्री! साठा संपेपर्यंत!"

पायरीवर उभ्या असलेल्या पानठेलेवाल्या इश्वरनं तोंडातला ब्रश बाहेर काढला आणि म्हणाला, "देवानं स्टॉक तं बराच आनला होता, काकाजी!"

हसू मंदिरातून पायरीवर आलं, पायरीवरून हातपंपावर, आणि हातपंपावरच्या बायांनी ते घागरींबरोबर घरोघर नेलं. सेवकराम घरी पोचेपर्यंत त्यांच्या घरातही ते येऊन बसलं होतं. त्यांची बायको रुखमा चुलीपुढे पदरात तोंड लपवून हसत होती.

"हास," सेवकराम म्हणाले, "तू बी हास."

"मी कायले हासू? मी तं इच्यार करून राहिली होती, एकावर दोन म्हंजे तीन होतेत. द्रौपदीले पुरल्या असत्या का नाई?"

सेवकराम साधा धान पिकवणारा माणूस. पण कीर्तन म्हटलं की त्यांचा जीव त्यात अडकलेला. चांगलं कीर्तन ऐकायला दोन एसट्या बदलून बपेऱ्यापर्यंत जाणारे. गावच्या सप्त्याचे ते तीस वर्षांपासूनचे सचिव, आणि माईकवरचा आवाजही त्यांचाच. ज्या भोंग्यावर आपण आयुष्यभर देवाचं नाव घेतलं, त्याच भोंग्यानं आपलं हसं करावं, हे त्यांना फार लागलं. त्यांनी सुनेला हाक मारली. सून अंजू बसस्टॉपवर ऑनलाईनचं सेंटर चालवते. सातबारा, दाखले, रिचार्ज, सगळ्या गावाच्या फोनांचं दुखणंखुपणं तिच्याकडे.

"अंजू, हे जाहिरात माह्या फोनात कोन टाकते?"

"कोणी टाकत नाही मामाजी, ती येते."

"येते म्हंजे? दार कोनी उघडलं तिले?"

"तुम्हीच. फुकट ऐकता ना."

"मंग लावून टाक दार. परवा महाराज भीष्माचार्य बाणावर पडलेले सांगनार हायेत. तेथं कोनी मऊ गादी विकाले आला तं मी गावाले तोंड कसं दाखवू?"

अंजूला हसू आवरेना, पण सासऱ्याचा चेहरा बघून तिनं आवरलं. तिनं फोन घेतला, पाच मिनिटं काही खुडबुड केली आणि परत दिला. "हे नवीन चित्र दिसते ना, याच्यातून कीर्तन ऐकायचं. जाहिरात आली की हे तिले बाहेरच अडवते."

सेवकरामांनी विचार केला. "म्हंजे धानात पाखराईसाठी बुजगावनं उभं करतो, तसं?"

"तसंच."

दोन दिवसांनी भीष्माचार्य पडले. इश्वर मुद्दाम अर्धा तास आधी येऊन पायरीवर गादीची वाट बघत उभा होता. बाण संपले, उशी झाली, पाणी पाजून झालं, उत्तरायणही आलं. गादी काही आली नाही.

"आज जाहिरात काहून नाई आली?" इश्वरनं हिरमुसून विचारलं.

देवळात फुलांचे हार गुंफणाऱ्या विमलाबाईंकडे उत्तर तयार होतं. "कशी येईन? माळकरी मानूस हाय थो. चाळीस वर्साच्या एकादश्या हायेत त्यायच्या पाठीशी. जाहिरातवाले बी भेत असन."

इथं सेवकरामांनी बोलायला हवं होतं. सुनेनं काय केलं ते सांगायला हवं होतं. त्यांनी नुसता गळ्यातल्या माळेला हात लावला आणि डोळे मिटले. एवढंच पाप त्यांच्या हातून घडलं. पण कीर्तनात सांगतात ना, पाप मोहरीएवढं असलं तरी त्याला फळ भोपळ्याएवढं धरतं, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी राईस मिलवाले धर्मेंद्र दोन फोन घेऊन देवळात आले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या माळेले हे लावून द्या. मॅच पायतो तं दर ओव्हरले कोनी ना कोनी पेंट विकाले येते." तिसऱ्या दिवशी सहा जण आले. चौथ्या दिवशी अंजू देवळात दिवा लावायला आली, तर सासरा गळ्यातली माळ सोळा मोबाईलांवरून फिरवतो आहे असं तिला दिसलं.

"अजी मामाजी," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "ते माळेनं होत नाही. सेंटरवर पाठवा ना लोकांना!"

सेवकरामांचा चेहरा पडला, पण गावाचा खुलला. माळ एकाच गळ्यात होती. बुजगावणं मात्र प्रत्येकाला मिळणार होतं. अंजूच्या सेंटरवर रांग लागली. दाखल्याचे लोक मागे राहिले, बुजगावण्याचे पुढे. विमलाबाई रांगेत पदर दंडावरून सरकवून उभ्या राहिल्या.

"टोच, पोरी."

"टोचायचं नाही आजी, फोनमधे टाकायचं आहे."

"बरं, टाक. दुसरा डोस घ्याले कधी येऊ?"

पंधरा दिवसांत शंभरावर फोन झाले. अंजूची भंडाऱ्याची मैत्रीण रुपा मोबाईलच्या दुकानात काम करते. तिला अंजूनं फोनवर विचारलं, "तुमच्याकडं किती लोक वापरतात गं हे?"

"इकडं? दहातल्या सहा-सात जणांना असं काही असतं हेच माहीत नाही. दोघा-तिघांच्या फोनात आहे, पण ते कोणी टाकून दिलं हे त्यांना आठवत नाही. तुमच्या आसगावात?"

"आसगावात फक्त तुलारामकाका राहिलेत."

"ते काहून?"

"त्यांचा बटनाचा आहे."

गाव असं सुधारलं. पण जाहिरातींबरोबर गावाची सहनशक्तीही गेली. पूर्वी माणसं कंटाळवाणं बोलणं मुकाट ऐकून घ्यायची, मान हलवायची, जांभई शेल्यात लपवायची. आता ग्रामसभेत कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललं की मागून आवाज यायचा, "बुजगावनं लावा रे!" एका बारशात आहेर वाचून दाखवणाऱ्या मामालाही तोच आवाज ऐकावा लागला. सेवकराम हे सगळं ऐकून हसत. शब्द त्यांनीच दिलेला होता ना!

धान घरात आलं, आणि माघात सप्ता लागला. यंदा कीर्तनाला सातही दिवस खुद्द प्रविण महाराज. सेवकरामांनी वर्षभर त्यांच्यामागे लागून तारीख मिळवली होती. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि चार गावांना महाप्रसाद. हजार पान उठायचं. सेवकरामांच्या वडिलांच्या काळापासून या पंगतीतून कोणी उपाशी गेलं नव्हतं.

आसगावच्या सप्त्यात वर्गणीचं पुस्तक नसतं. ज्याला जे द्यायचं असेल ते त्यानं चिठ्ठीवर लिहून मंडपात पाठवायचं. तांदूळ, डाळ, वांगी, सरपण. महाप्रसादाच्या चिठ्ठ्या पाचव्या दिवसापासून वाचायच्या, आणि नाव भोंग्यावर आलं की जिन्नस कोठीत येतो. कीर्तन चालू असताना मधेच महाराज थांबतात, टाळकरी नामाचा गजर धरतात, आणि तो संपला की सेवकराम माईक हातात घेऊन चिठ्ठ्या वाचतात. नुसतं नाव वाचणं त्यांना जमत नसे. कोणी दोन किलो हळद दिली तरी ते म्हणत, "ज्यांच्या दारातून याचक कधी रिकाम्या हातानं गेला नाही, असे आपल्या गावचे दानशूर..." आणि मग आजोबांपासून सुरुवात. शिवाय वाचायची वेळ त्यांनी तीस वर्षांत नेमकी हेरून ठेवली होती. कीर्तन ऐन रंगात आलं की वाचायचं. तेव्हाच माणसं जागची हलत नाहीत.

पाचव्या दिवशी मंडप गच्च भरला होता. लोकांच्या आग्रहावरून महाराजांनी द्रौपदीचं आख्यान लावलं. बायांचे पदर डोळ्यांना लागले. "देव धावले!" महाराज म्हणाले. "आणि भर सभेत येऊन देवानं काय केलं?" त्यांनी प्रश्न तसाच अधांतरी सोडला, टाळकऱ्यांकडे हात केला, गजर झाला, आणि थांबला.

सेवकरामांनी माईक हातात घेतला. "हळद पावडर, दोन किलो! ज्यांच्या आजोबांनी या मंदिराची पहिली वीट..."

"अंजू वहिनी!" मागून इश्वरचा आवाज आला. "काकाजीच्या माईकले बी बुजगावनं लावा ना वं!"

मंडप फुटला. पखवाजवाला हसला, विमलाबाई हसल्या, महाराजांनीही उपरणं तोंडाला लावलं. सेवकरामांचे कान लाल झाले. हातात आणखी सतरा चिठ्ठ्या होत्या. त्यांनी त्या घडी करून सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि ताठ होऊन म्हणाले, "बरोबर हाय. देवाच्या कामात जाहिरात नाई पायजे. उद्यापासून या भोंग्यावर एकही नाव येनार नाई. लागलं बुजगावनं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या ज्यांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या त्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटलं, आपली सोडून बाकीची नावं बंद होणार.

सहाव्या दिवशीचं कीर्तन म्हणजे अमृत. ना चिठ्ठी, ना हळद, ना कोणाचे आजोबा. दोन तास अखंड धार. सेवकराम आयुष्यात पहिल्यांदा सप्त्यातलं कीर्तन सबंध ऐकून उठले. अंगावरचा काटा अजून गेला नव्हता, तेवढ्यात आचारी भुपेंद्र समोर उभा राहिला.

"काकाजी, उद्या हजार पान हाय ना?"

"हाय ना, बापा."

"मंग तांदूळ कुठं हाय?"

मंदिरामागच्या कोठीत सेवकरामांनी डोकावून पाहिलं. दरवर्षी या वेळी पोत्यांमुळे दार उघडत नसे. यंदा दार सताड उघडलं. आत मिठाचं एक पोतं होतं आणि त्यावर एक मांजर निवांत झोपलं होतं.

"सकाळी येतीन," सेवकराम म्हणाले.

"येतीन तं ठीक. मी आंधन ठेवन अन् तांदूळच नाई आले, तं चार गावाले गरम पानी वाढू का?"

सकाळी सहालाच सेवकराम निघाले. पहिली राईस मिल. आत पट्टा धडधडत होता, कोंड्याचा धुरळा बाहेर येत होता. धर्मेंद्र दारातच भेटले.

"धर्मेंद्रभाऊ, दोन पोते तांदूळ सांगतले होते!"

"का म्हनता?"

"तांदूळ! दोन पोते!"

"हो ना भाऊ!" धर्मेंद्र मिलच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले. "पन मिल बंद हाय! मोटार जळली!"

सेवकरामांनी धडधडणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. धर्मेंद्रनंही पाहिलं.

"नावाचं काही मनात तं नाई ना, भाऊ?" सेवकरामांनी विचारलं.

"राम राम! देवाच्या कामात नाव कायले पायजे? तुम्ही बरोबर बोलले होते. मी टाळ्या बी वाजवल्या."

विमलाबाईंकडे वांगी होती. परसात झाडं वाकली होती. "कालच औषिद मारलं, बापा," त्या म्हणाल्या, "चार गावचे लोक दवाखान्यात जातीन." औषधाचा डबा कोपऱ्यात होता. त्याला अजून सील होतं. त्याही म्हणाल्या, नावाचं काही नाही. डाळीवाला म्हणाला, नावाचं काही नाही, पण डाळीला सोंडे लागले. तेलवाल्यानं तर हात जोडले, नावाचं त्याच्या मनातच आलं नाही, फक्त किल्ली बायकोकडे आहे आणि बायको कारध्याला माहेरी गेली आहे. सेवकराम निघाले तेव्हा बायको आतून विचारत होती, "कोन आल्तं जी?"

शेवटी ते तलावाच्या पाराशी आले. तुलाराम जाळं सुकवत होता. त्याची बायको सखाबाई सरपणाची मोळी बांधत होती. दरवर्षी सरपण आणि मोठी कढई या घरची. तलावात मासे धरणारं घर, महाप्रसादाला मासोळी चालत नाही, म्हणून यांनी आगीची सेवा धरलेली.

"घेऊन जा, भाऊ," सखाबाई म्हणाली, "हे मोळी बांधूनच ठेवली. कढई घासली हाय."

सेवकरामांना एकदम बसावंसं वाटलं. ते पारावरच बसले. "सखाबाई, तुम्हाले राग नाई आला?"

"आला ना. कायले लबाड बोलू?"

तुलारामनं जाळ्यातून तिला खुणावलं. ती थांबली नाही.

"वर्सभर मी बाजारात बसतो भाऊ. लोक मले 'ओ मासोईवाली' म्हन्तेत. लेकरं बी म्हन्तेत. सप्त्यात एका दिवशी भोंग्यावरून 'सखाबाई तुलाराम' येते. इथं पारावर बसून आयकतो मी. पान्यावरून आवाज दोनदा येते, मालूम हाय? एक डाव येते, अन् त्या काठाले लागून अजून एक डाव येते. परवा बसली होती. नाई आलं." तिनं मोळीची गाठ आवळली. "पन देवाचा त्याच्यात काय दोष? न्या कढई."

सेवकरामांनी खिशाला हात लावला. सतरा चिठ्ठ्या अजून तिथंच होत्या. तिसरी सखाबाईची.

घरी आले तर प्रविण महाराज ओसरीवर चहा पीत बसले होते. उतरायला ते सेवकरामांच्याच घरी होते. सेवकरामांनी सगळं सांगितलं. "दहाले काल्याचं कीर्तन, बाराले पंगत, अन् कोठीत मीठ अन् मांजर. वडिलाच्या काळापासून असं नाई झालं, महाराज. लोकायले नावाची एवढी हाव असन असं नोतं वाटलं."

महाराज हसले. "हाव कशाची, सेवकरामजी? माझं तरी काय वेगळं आहे? मी जिथं जातो तिथं पेटीवाला, पखवाजवाला सोबत लागतात. गरीब गावांत आम्ही काही घेत नाही. मग त्यांची गाडी कशी येते? मोबाईलवरच्या कीर्तनात ती साडीवाली मधे येते ना, तिच्या जिवावर. मला तर ती अन्नपूर्णाच वाटते. पण गंमत बघा, माझं कीर्तन सगळ्यात जास्त ऐकतात ते आसगावचे, आणि इथूनच..." ते थांबले. "इथून काय होतं कोण जाणे, तिला कोणी येऊच देत नाही."

अंजूनं कपबशा उचलल्या आणि ती घाईनं आत गेली. सेवकराम उठून तिच्यामागे स्वयंपाकघरात आले.

"अंजू. म्हंजे आपन महाराजाच्या पंगतीत जेवून राहिलो, अन् अन्नदात्याले दारातून हाकलून राहिलो?"

"साधारण तसंच, मामाजी."

"अन् मी कीर्तनाच्या मधात नावं वाचतो, तेबी लोकायले जाचते. मधात नाई वाचावं, अन् वाचल्याशिवाय बी नाई राहावं. असं काही असते का तुह्या मोबाईलात?"

अंजू भांडं घासता घासता म्हणाली, "असते ना. काही जाहिराती सुरुवातीलाच येतात, आणि पुढं ढकलताच येत नाहीत. ती संपल्याशिवाय व्हिडिओ सुरूच होत नाही. बसून बघावीच लागते."

"बसून?"

"बसून."

रुखमा कोपऱ्यात पत्रावळीचं बंडल सोडत होती. सेवकरामांची नजर तिकडे गेली आणि तिथंच राहिली. पंगत बसते. पत्रावळ मांडली जाते. भात, वरण, भाजी, बुंदी वाढली जाते. सगळ्यांच्या पानात पडलं तरी कोणी हात लावत नाही. माईकवरून 'पुंडलिक वरदे' होईपर्यंत घास नाही. ही रीत मोडायची हिंमत चार गावांत कोणाची नव्हती.

ते चपला न घालताच देवळाकडे धावले. रुखमा मागून विचारत होती, "कुठं निघाले जी?" सेवकराम बोलले नाहीत.

साडेआठला भोंगा खरखरला. "ऐका हो ऐका! कीर्तनाच्या मधात कोनाचंच नाव येनार नाई, हे पक्कं हाय. पन आज पंगतीत, पान वाढून झाल्यावर अन् पयला घास घ्याच्या आधी, सर्व अन्नदात्यायची नावं वाचल्या जातीन. चार गावापुढं. आजोबासकट!"

नऊ वाजता राईस मिलची मोटार दुरुस्त झाली. दोन नाही, चार पोती आली. विमलाबाईंच्या वांग्यांवरचं औषध तासाभरात उतरलं होतं. डाळीचे सोंडे गेले. तेलवाला किल्लीसह आला, बायकोही मागून आली. पण बातमी तिथं थांबली नाही. कोणी वाटीभर मोहरी आणली आणि चिठ्ठी दिली. कोणी कोथिंबिरीची एक जुडी दोन भावांच्या दोन चिठ्ठ्यांवर लिहिली. भुपेंद्र चुलाण्यावरून ओरडला, "बस करा आता, कढीपत्ता नको!" काल्याची हंडी फुटेपर्यंत सेवकरामांच्या हातात चौऱ्याण्णव चिठ्ठ्या झाल्या होत्या.

पंगत बसली. रांगा मंडपातून निघून थेट तलावाच्या पारापर्यंत गेल्या. वाढणं झालं. भाताची वाफ वर चढली, वरणाला तुपाचा वास सुटला. सेवकराम माईकपुढे उभे राहिले. खिशातून त्यांनी आधी जुन्या सतरा चिठ्ठ्या काढल्या, त्यातली तिसरी वर घेतली.

"सरपण आणि कढई! ज्यांच्या आगीवर आज हजार पानांचा भात शिजला, त्या आपल्या गावच्या अन्नपूर्णा, सौभाग्यवती सखाबाई तुलाराम!"

आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या काठाला लागला आणि परत आला. पाराकडच्या रांगेत सखाबाई मान खाली घालून आपल्या पत्रावळीतली बुंदी उगीच सारखी करत बसली.

मग बाकीची नावं सुरू झाली. पंधराव्या नावाला लहान लेकरं रडली. तिसाव्याला वाफ बसली. पंचेचाळिसाव्याला वरणावर साय धरली. दुसऱ्या रांगेत इश्वर बुंदीकडे एकटक बघत बसला होता. त्यानं सवयीनं मोबाईल काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवला.

"काकाजी," तो कळवळून ओरडला, "पुढं ढकला ना जी!"

"ढकलता येत नाई," सेवकराम माईकवरून शांतपणे म्हणाले. "कोथिंबीर, अर्धी जुडी! ज्यांच्या आजोबांनी..."

चौऱ्याण्णवावं नाव संपलं. हजार हात भातावर आले. सेवकरामांनी 'पुंडलिक...' म्हणायला तोंड उघडलं, आणि दुसऱ्या रांगेतून कोणीतरी ताडकन उभं राहिलं.

"थांबा, थांबा! माहं राहिलं!" इश्वर होता. "पत्रावळीचे बंडल मी देल्ले ना! हे सारे ज्याच्यावर जेवून राहिले, ते कोनाचं? चिठ्ठी द्याची राहिली माही. वाचा ना, काकाजी! आजोबासकट!"

चार गावांनी एका आवाजात त्याला काय म्हटलं ते सप्त्याच्या गोष्टीत लिहिण्यासारखं नाही. पण सेवकरामांनी त्याचंही वाचलं. नीट वाचलं, आजोबासकट. मग 'पुंडलिक वरदे' झालं. त्या दिवशी भात गार होता, पण भुपेंद्र सांगतो, एक शीत उरलं नाही आणि एक माणूस उपाशी गेला नाही.

संध्याकाळी सेवकरामांनी अंजूपुढे फोन ठेवला. "माह्या धानातलं बुजगावनं काढून टाक."

"आणि बाकी गावाच्या फोनातलं?"

"त्यायचं त्यायले. मले माह्या पानात जे वाढलं ते पायजे, जाहिरातीसकट."

दुसऱ्या पहाटे काकड आरती झाली. सेवकरामांनी मोबाईल माईकपुढे धरला. भोंग्यातून महाराज बोलू लागले. देव ताटावरून उठले, हातातला घास तसाच, देव धावले, आणि भर सभेत येऊन देवानं काय केलं?

"साड्याच साड्या! भव्य महासेल!"

पायरीवर इश्वरनं ब्रश बाहेर काढला. "काकाजी, बुजगावनं उडालं का जी तुमचं?"

सेवकरामांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. "गप. अन्नदाता हाय. नाव होऊ दे."

इश्वरनं ब्रश परत तोंडात घातला आणि साठा संपेपर्यंत तसाच उभा राहिला.